बेसिनचा मुहूर्त

उमा सिस्टरचे हात कफानं बरबटले होते, बेसिन पुढ्यात होतं, आणि बेसिनच्या नळाला गुलाबी फीत बांधलेली होती.

"हात नका लावू, सिस्टर," दारातल्या स्टुलावरून वॉचमन सोमनाथ म्हणाला. "उद्घाटन व्हायचंय."

आयसीयूत हात धुवायला नळ पाहिजे म्हणून उमानं वर्षभर मॅनेजरचं डोकं खाल्लं होतं. शेवटी बेसिन आलं. बेसिन आलं म्हणून खाटांजवळच्या सॅनिटायझरच्या बाटल्या बंद झाल्या. दोन्हीचा खर्च कशाला? आणि चेअरमनसाहेब मोकळे नव्हते म्हणून बेसिनही बंद राहिलं. आठवडा झाला, सगळ्या सिस्टर कोपरानं दार ढकलून, जिना उतरून कॅन्टीनच्या मोरीवर हात धुवायला जात होत्या. म्हणजे, सवड मिळाली तर.

मॅनेजर अतुल बेसिनला झेंडूची माळ लावत होता.

"सर, माझ्यापुरती तरी सोडा ती फीत. वच्छलाबाईंच्या घशातली नळी कालच काढलीय. ताप आला नाही तर उद्या वॉर्डात जातील. आला तर परत नळी, परत इथंच."

"योजनेतल्या आहेत का रोखीच्या?"

"रोखीच्या. का?"

"नाही, योजनेतला पेशंट अडकला की वाढलेले दिवस आपल्या बोडक्यावर, सिस्टर. सरकार ठरलेलंच देतं. रोखीचा अडकला तर..." अतुलनं माळ सरळ केली. "अरे, आले आले! तात्यासाहेब आले!"

चेअरमन तात्यासाहेब एकटे कशाला येतील? मागं पैठणची अख्खी भावकी होती. उमानं दारातच बुटांवर चढवायच्या निळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा खोका कोपरानं पुढं सरकवला. तात्यासाहेबांनी एक उचलली, उलटसुलट पाहिली आणि फेट्यावर ताणून बसवली.

सांगायचं कुणी?

अतुलनं दुसरी स्वतःच्या डोक्यावर चढवली. मग काय, बघता बघता सगळी भावकी डोक्याला निळ्या पिशव्या घालून, धुळीच्या बुटांनिशी आत शिरली.

कुणीतरी उदबत्ती काढली. "ऑक्सिजन आहे इथं! सगळेच उडू!" उमा ओरडली. उदबत्ती खिशात गेली. दिवसभरात तिला मिळालेलं यश तेवढंच.

फरशी खराब नको, म्हणून नारळ बेसिनच्या काठावरच फोडला. शेंडी, करवंटीच्या कपच्या, झेंडूच्या पाकळ्या, कुंकू, सगळं आत. फीत कापली. तात्यासाहेबांनी बोटांच्या बेचक्यांसकट हात धुतले. फोटो हलला, म्हणून परत धुतले.

"लई भारी!" ते म्हणाले. "रोग काय, हातातूनच पसरतो!" आणि त्यांनी अख्ख्या भावकीशी एकेक करून हात मिळवला.

टाळ्या चालू असतानाच बाहेरून काच वाजली. वच्छलाबाईंची सून मोनिका काचेला चिकटून उभी होती. ती खाटेकडं बोट दाखवत होती आणि दोन्ही खांदे थडथड हलवून दाखवत होती.

उमानं वळून पाहिलं. वच्छलाबाईंची चादर हलत होती. हुडहुडीनं त्यांचे दात एकमेकांवर आपटत होते.

"सरका! बाजूला व्हा!" भावकीतून वाट काढत उमा बेसिनपाशी आली. बेसिन काठोकाठ भरलं होतं. कुंकवाच्या लाल पाण्यात नारळाची शेंडी गोल गोल फिरत होती.

"तुंबलं वाटतं," अतुल म्हणाला. "प्लंबर वेरूळला गेलाय. सोमवारी बघू. तोवर कुणी वापरू नका, चांगली वस्तू आहे."

"पेढे कुठंयत?" तात्यासाहेबांनी विचारलं.

उमानं कोपरानं दार ढकललं आणि ती जिन्याकडं पळाली. मोनिका तिच्या मागं, "सिस्टर, उद्या वॉर्डात म्हणला होता ना? ओ सिस्टर!"

आत सोमनाथनं फितीचे दोन तुकडे फरशीवरून उचलले, गाठ मारून जोडले आणि परत नळाला बांधले. फितीचं फूल नीट जमलं नाही, म्हणून सोडलं, आणि पुन्हा बांधलं.