शिकारीची जीप

तीच जीप तिसऱ्यांदा दारात येऊन किंचाळली आणि लटारू मिस्त्रीने हातातला पाना खाली टाकला.

आलापल्लीच्या बाजारात त्याचं टिनाचं छप्पर होतं आणि छपराला टांगलेली फळी: 'लटारू मिस्त्री. ब्रेकचे काम खात्रीने.' लढाईत फौजेच्या गाड्या दुरुस्त करून आलेला माणूस. त्याच्या हातची गाडी परत येत नसे. ही पंधरा दिवसांत दोनदा परत आली होती.

जीप बापूजी ठेकेदाराची. विडीला लागणाऱ्या टेंभुराच्या पानांचा ठेका, अंगात मलमलीचा सदरा, गालात चोवीस तास विडा. उतरल्या उतरल्या तो मिस्त्रीच्या पान्यांशेजारी पचकन थुंकला. लाल ओघळ पान्यांपर्यंत आला. मिस्त्रीने दात आवळून पाने उचलले. आवाज बंद झालाच पाहिजे, असं बापूजीने पुन्हा बजावलं. एटापल्लीच्या वाटेवर नाल्याचा उतार लागतो, तिथे ब्रेक दाबल्यावाचून गत नाही. तो ओरडला की नाल्यापलीकडच्या टोल्यावर हाती काही लागत नाही.

"शिकार पळते माही," तो म्हणाला आणि ओठ चाटून हसला.

सांबर असेल नाहीतर चितळ, असं मिस्त्रीला वाटलं. त्याला शिकारीशी घेणं नव्हतं, नावाशी होतं. याही वेळी ओरडली तर काय, असं बापूजीने भर बाजारात विचारलं, तेव्हा मिस्त्रीच्या तोंडून निघून गेलं की तर ही फळी उतरवीन. चहावाल्यापासून कापडवाल्यापर्यंत सगळ्यांनी ते ऐकलं. बापूजी खूश होऊन जेवायला गेला. इथून निघून आज थेट टोल्यावरच जायचं, असंही सांगून गेला.

मिस्त्री कामाला बसला. पहिल्या खेपेला त्याने ब्रेकच्या पट्ट्यांवरची काचेसारखी चकाकी घासून काढली होती. दुसऱ्या खेपेला पट्ट्यांच्या कडा कानशीने उतरवल्या, स्प्रिंगा नव्या घातल्या. तेव्हा गाडी कशी मुकाट गेली होती. मग आता काय राहिलं? त्याने डावं मागचं चाक काढलं आणि ड्रम ओढला.

ड्रम अजून गरम होता आणि त्याला वास येत होता. जळक्या ब्रेकचा नव्हे, देवापुढे धूप घातल्यावर येतो तो. पट्टीवर पिवळट, चिकट थर बसला होता. त्याने तो नखाने खरवडून हुंगला. सालईचा डिंक. रानातली माणसं झाडावरून काढून बाजारात धूप म्हणून विकतात तोच. ड्रमला तपासणीसाठी बोट जाईल एवढं भोक असतं, तिथून कोणीतरी डिंकाची पूड आत सोडत होतं.

बापूजीशिवाय गाडीजवळ असणारा माणूस एकच, ड्रायव्हर इसरू; तो बाजूलाच उभा होता. मिस्त्रीने त्याचा खिसा धरून ओढला तशी पानात बांधलेली पुडी खाली पडली. मिस्त्रीला त्याची किळस आली. मालकाची गाडी नासवायची आणि वर गरीब तोंड करून मिस्त्रीचं नाव घालवायचं. असल्या माणसाला दारात उभं करू नये.

"काऊन केलं बे?" त्याने विचारलं.

इसरू खाली बघत बोलला, "ब्रेक लागते बरोबर, भाऊ. रोज पाह्यतो मी. फक्त वरडते. तो टोला माहाच आहे, माहं घर तिथंच. वरडली का बाया रानात पळतेत."

मिस्त्रीने हातातला ड्रम खाली ठेवला.

"मांगच्या खेपी तुमी आवाज बंद करून देल्ला," इसरू म्हणाला. "बापूजी इथून सीधा तिकडंच निघाला, मले डिंक टाकाले सवड नाई भेटली. त्या रोजी माही बहीण घरीच सापडली."

नोकरी सोडली असती तर दुसरा ड्रायव्हर आला असता, आणि तो थोडाच डिंक टाकणार होता, एवढं सांगून तो थांबला. मिस्त्रीने खाली पडलेल्या पुडीकडे पाहिलं. किळस तीच होती, पण आता तिचा धनी वेगळा होता. थोडी स्वतःचीही होती. कडा किती हौसेने घासल्या होत्या त्याने. जाताना बापूजीकडून पाठही थोपटून घेतली होती.

पुडी उचलून त्याने स्वतःच्या खिशात घातली. इसरूने हात जोडले, तरी परत दिली नाही. जा, चहा पिऊन ये, असं तुटकपणे सांगून त्याला घालवलं आणि मिस्त्री एकटाच चाकांशी बसला.

बापूजी ढेकर देत परतला. इसरूने पडेल चेहऱ्याने गाडी बाजाराच्या टोकाच्या चिंचेपर्यंत नेली आणि ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली, पण अशी किंचाळली की चिंचेवरचे कावळे उडाले. कापडवाल्याने कानांवर हात ठेवले. मग बाजार पोट धरून हसला.

बापूजीने आईवरून शिव्या दिल्या आणि फळीकडे बोट केलं. मिस्त्रीने मान खाली घालून ऐकून घेतलं.

"लोखंडाचाच दोष आहे, बापूजी. चांद्यालेबी न्याल त हेच सांगतीन."

तो स्टुलावर चढला आणि फळी सोडवू लागला. बापूजी थुंकायला पलीकडे वळला तेवढ्यात इसरू स्टूल धरायला धावत आला. मिस्त्रीच्या हातांना धुपाचा वास येत होता.

"भाऊ," इसरू हळूच म्हणाला, "मी त एकाच चाकात टाकत होतो. हे त चारी वरडून राह्यले."

लटारूने फळी काखेत मारली.

"माहं काम खात्रीचं राह्यते," तो म्हणाला.