आधी एक काय ते ठरव

नेब्रास्कातल्या त्या चिमुकल्या कॉलेजात व्हॉलीबॉलच्या कोच ड्वोराक बाईंनी आठवडाभर आपल्या संघातल्या लॉरेलचं डोकं खाल्लं होतं. "गोळाफेक सोड गं बाई! दोन-दोन खेळ खेळलीस, तर धड हा नाही अन् धड तोही नाही. माणसानं एकातच जीव ओतावा!"

शुक्रवारी लॉरेलनं मन घट्ट केलं, गोळाफेक सोडत असल्याची चिठ्ठी लिहिली आणि मैदानी खेळांच्या कोचचं दार वाजवलं.

आत नवी कोरी टोपी घालून ड्वोराक बाईच बसल्या होत्या! "ये ये! जुने कोच गेले टेक्सासला. आजपासून हेही खातं माझ्याकडेच!"

लॉरेलनं चिठ्ठी पुढे केली.

बाई कडाडल्या, "गोळाफेक सोडायचं हे खूळ तुझ्या डोक्यात घातलं तरी कुणी?"