मोजणारी मुलगी

"आधी वाचून घ्या, मिसेस ग्रोन्दाल," ब्रिन म्हणाली. "विद्यापीठाचा तसा नियमच आहे."

"वाचत बसले तर दार कोण उघडणार?" आल्मा ग्रोन्दाल यांनी कागदाच्या तळाशी झोकदार सही ठोकली आणि आपली प्रत काउंटरच्या खणात सरकवली. ग्रंथपाल म्हणून एकतीस वर्षे त्या प्रत्येक नव्या वाचकाला बजावत आल्या होत्या की, सही करण्यापूर्वी वाचावे. पण आज चष्मा आतल्या खोलीत राहिला होता आणि बाहेर शून्याखाली वीस अंशांत तीन माणसे पाय आपटत उभी होती.

ब्रिन ग्रंथालयशास्त्राची विद्यार्थिनी. सहा आठवडे एल्क प्रेअरी गावच्या या वाचनालयात बसून ती आपला प्रकल्प करणार होती. तिचा अहवाल जिल्हा मंडळापुढे जाणार होता, आणि मार्चमध्ये मंडळ वाचनालयांची एक शाखा बंद करणार होते. आल्मांना तेवढेच पुरे होते. बाकीचे त्यांनी ऐकून घेतले नाही.

ब्रिन काउंटरसमोरच्या मेजाशी बसली. तिच्या मुठीत मोजणीचे एक छोटे यंत्र होते. अंगठ्याने दाबले की टक् वाजायचे.

पहिला आला ऑर्विल. "आल्मा, पेन्शनवाल्यांचं पत्र आलंय. इंग्रजीतच आहे म्हणतात, पण मला एक अक्षर कळेल तर शपथ."

"आधी हातमोजे काढ. कागद भिजवशील."

आल्मांनी पत्र वाचले, दोन ठिकाणी फोन लावले, तिसऱ्या ठिकाणी एकाला फैलावर घेतले. चाळीस मिनिटांनी ऑर्विल निश्चिंत होऊन निघाला. पुस्तकाला त्याने बोटही लावले नव्हते.

टक्.

मग टर्की कोंबड्यांच्या मांसाच्या कारखान्यातली पाळी संपवून लुपे आली. तिच्या मुलीचा शाळेचा फॉर्म आल्मांनी तिच्याशेजारी बसून भरून दिला. लुपे गेली. टक्.

संध्याकाळी आल्मांचे कशातच चित्त लागेना. त्या मुलीने दिवसभर पाहिले तरी काय? एक पुस्तक जागचे हलले नव्हते. हे वाचनालय म्हणायचे की सरकारी कचेरीची ओसरी? असला अहवाल गेला, तर मंडळ दाराला कुलूपच ठोकेल.

दुसऱ्या सोमवारी त्यांनी चर्चमधल्या गोधड्या शिवणाऱ्या बायकांना फोन केला. "हेडविग, शिवायचंच आहे ना? मग माझ्याकडे येऊन शिवा. फक्त पुढ्यात एकेक पुस्तक उघडं ठेवा."

"कुठलं?"

"कुठलंही! जरा जाडसं बघून घे म्हणजे झालं."

सहाजणी रांगेने आत आल्या. आल्मा कान टवकारून उभ्या राहिल्या. टक् काही वाजले नाही.

"सहा आल्या, पाहिलंस ना?" त्यांनी ब्रिनला विचारले.

"पाहिलं की."

"मग?"

ब्रिन ओशाळली. "मोजणीबद्दल मी काही बोलायचं नाही, मिसेस ग्रोन्दाल. माफ करा."

त्या आठवड्यात टक् निम्म्यावर आले. सहा बाया पुरेशा नाहीत, असे आल्मांनी ठरवले. टेबलावर राहिलेले पुस्तक वाचले गेले असे धरतात. म्हणून त्या रोज दार उघडण्यापूर्वी तीसेक पुस्तके कपाटांतून काढून टेबलांवर पसरू लागल्या. शाळेतल्या शिक्षिकेला गाठून अख्खा वर्ग आणवला. आणि काउंटरवर स्वतःच्या वळणदार अक्षरात पाटी लावली: 'कागदपत्रे भरून मिळणार नाहीत.'

ऑर्विल दुसरे पत्र घेऊन आला तो पाटीपाशीच थबकला.

"आज नाही, ऑर्विल. इथे वाचन चालतं. जिल्हा कचेरीत जा."

"चाळीस मैल? या बर्फात?"

"मग पुस्तक घे आणि बस."

"आल्मा, मी आहे. ऑर्विल."

"दिसतंय मला."

त्याने पत्राची घडी घालून ते खिशात ठेवले आणि टोपी कानांवर ओढून तो निघून गेला. ब्रिनने मान वर केली होती. तिचा अंगठा हलला नाही.

लुपेला तर आल्मांनी नुसते पाटीकडे बोट दाखवले.

खोली भरत चालली आणि टक् विरळ होत चालले. आल्मांची झोप उडाली. दिवसभर त्या खुर्च्या सरळ करत, पुस्तके उजवीकडून डावीकडे हलवत फिरत राहत. मुलगी आळशी असावी, किंवा यंत्र बिघडले असावे. पाचव्या आठवड्यात त्यांनी दोनच टक् ऐकले, तेही त्या फोनपाशी बसल्या असताना कोणीतरी घाईघाईने काही विचारून गेले तेव्हाचे.

शेवटच्या दिवशी बसायला एक खुर्ची रिकामी नव्हती. त्या दिवशी यंत्र एकदाही वाजले नाही.

ब्रिनने कोट चढवला. दाराशी जाऊन ती परत फिरली.

"पहिल्या आठवड्यात किती सुंदर…" ती बोलता बोलता थांबली. "तुमची प्रत आहे ना तुमच्याकडे?"

"कसली प्रत?"

"तुम्ही सही केलेली."

ती गेल्यावर आल्मांनी चष्मा लावला आणि खण उघडला. कागद सहा आठवडे घडीत पडून होता. त्यांनी तो दिव्याखाली धरला आणि वरून पहिल्यांदाच वाचायला घेतला.

'विषय: वाचनालयाच्या नोंदींत कधीच न येणारी मदत. निरीक्षण: केवळ ग्रंथपालांच्या कामाचे. मोजणी: अडलेला माणूस त्यांच्याकडून काम होऊन परत गेला, की एक.'