अंधार पडल्यावर

दुरुस्तीच्या दुकानात फारूकभाईनं रेडिओत नवे सेल घातले, काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. नुसती खरखर.

"हेच," धनेश म्हणाला. "दिवसभर हेच. आणि आबा म्हणायचे, परभणी लागतं, आपल्याकडची माणसं बोलतात. भंगारात देऊन टाकतो आता."

"रात को लावला होता का कधी?"

चाकणच्या कंपनीत धनेशची कायमची नाइट शिफ्ट, सुट्टीच्या रात्रीही ओव्हरटाइम. खोलीवर असायचा तो दिवसा.

"लांबचं स्टेशन दिवसा नाही येत, भाऊ. सूरज डुबला की आभाळाला आपटून इथपर्यंत येतं. सेट एकदम चांगला आहे."

धनेशनं रेडिओ परत पिशवीत घातला. गावाहून आणलेला म्हातारा बाप रात्रभर एकटा असतो, त्याला आवाज ऐकू येतात, असं डॉक्टरला त्यानंच तर सांगितलं होतं. दत्तोबांनी एकदोनदा समजावून पाहिलं, "खरंच लागतंय रे." मग पोराचा जीव टांगणीला लागलेला बघून मुकाट गोळ्या घ्यायला लागले. त्यालाही दोन महिने झाले.

त्या दिवशी त्यानं शिफ्ट बुडवली. भोसरीच्या त्या एका खोलीत दत्तोबा साडेसातलाच गोळी घेऊन आडवे झाले होते. धनेशनं रेडिओ त्यांच्या उशाशी ठेवला आणि काटा हळूहळू फिरवू लागला. बाहेर केव्हाच दिवे लागले होते. खरखर पातळ झाली आणि तिच्यातून एका बाईचा आवाज वर आला. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत. उद्या तिकडे कडाक्याची थंडी पडणार होती. धनेशला रडू आवरेना.

"आबा, उठा! लागलंय! परभणी लागलंय!"

दत्तोबांनी जड पापण्या कशाबशा उघडल्या. क्षणभर कान दिला. बाई मानवतचं नाव पुन्हा घेत होती. मग त्यांनी हात लांबवून रेडिओ बंद केला, आणि तोच हात लेकाच्या डोक्यावरून फिरवला.

"काई न्हाई बाळा," ते म्हणाले. "भास असतो तो. मलाबी व्हायचा. उद्या तुलाबी डॉक्टरला दाखवून आणू."