अठरा आणि अठरा

“अठरा आणि अठरा,” फोनवर बाबा म्हणाले. “दोन्ही सारखे. लाँच सोडू नकोस.”

तिने धक्क्यावरच्या कचेरीच्या खिडकीबाहेर पाहिलं. हवा इतकी स्वच्छ होती की तळ्यापलीकडच्या दवाखान्याचं घड्याळ इथून वाचता येत होतं. नऊला दहा कमी. धक्क्याला लागलेल्या लाँचमध्ये साठ माणसं दाटीवाटीने बसली होती. नऊला लाँच सुटायची. हिरवा झेंडा लावायचा की लाल, हे तिने ठरवायचं. टेकडीवरच्या वेधशाळेतून आकडे कळवायचे तिच्या बाबांनी.

वेधशाळा म्हणायची, पण होती एक खोली आणि अंगणात एक जाळीची पेटी. पेटीत दोन तापमापक. एक साधा. दुसऱ्याच्या टोकाला कापडाची चिंधी गुंडाळलेली आणि चिंधीचं टोक पाण्याच्या वाटीत सोडलेलं. हवा कोरडी असली की चिंधीतलं पाणी भराभर उडतं आणि तो तापमापक गार पडतो. हवेत आधीच पाणी ठासून भरलेलं असलं की चिंधी वाळत नाही, दोन्ही आकडे सारखे येतात. मग अशी हवा गार तळ्यावर आली की धुकं झालंच म्हणून समजा. तळ्याच्या मधोमध खडक होते. म्हणून नियमच होता, आकडे सारखे तर लाँच बंद.

पण आकडे सारखे यायला आणखी एक कारण पुरतं. वाटीत पाणी घालायला विसरणं.

गेल्या महिन्यात बाबा दोनदा विसरले होते. दोन्ही वेळा लख्ख उन्हात लाँच दिवसभर बांधून ठेवावी लागली. लोक हसले, लाँच चालवणारा सारंग हसला. बाप-लेकीचे वरिष्ठ साहेब मात्र हसले नाहीत. “तिसऱ्यांदा असं झालं तर वेधशाळेची किल्ली माझ्याकडे,” एवढंच ते म्हणाले. बाबांच्या नोकरीचे चार महिने उरले होते. एकतीस वर्षं सगळे त्यांना पारामास्तर म्हणत आले होते, आणि ते नाव त्यांना पगारापेक्षा प्यारं होतं.

“बाबा, वाटीत पाणी आहे ना?”

“घातलंय की सकाळी.”

उत्तर लगेच आलं. फोन खोलीत, पेटी अंगणात. म्हणजे ते बघायला उठलेसुद्धा नव्हते.

“एकदा बघून या ना. मी थांबते.”

“आता तू मला शिकवणार?” बाबांनी फोन ठेवून दिला. तिने पुन्हा लावला. ते उचलेनात. टेकडी चढायला वीस मिनिटं लागत.

सारंग दारात येऊन उभा राहिला. “काय म्हणतात मास्तर? पुन्हा धुकं?” त्याने निळ्याशार आभाळाकडे मान वळवली आणि तोंडावर हात धरून खोकल्यासारखं केलं.

तिने वही उघडली. पहिल्या रकान्यात अठरा लिहिलं. दुसऱ्या रकान्यावर पेन थांबलं. तिथे पंधरा लिहिलं की संपलं. लाँच जाईल, हवा अशीच स्वच्छ राहील, बाबांचे चार महिने निघून जातील, कुणाला पत्ताही लागणार नाही. लाँचमधली एक बाई मांडीवरच्या पोराला खडकांवर बसलेले पक्षी दाखवत होती. तिने त्या बाईकडे पाहिलं, मग वहीकडे. आणि दुसऱ्या रकान्यातही अठरा लिहिलं.

तिने लाल झेंडा चढवला. आपल्याच हाताने आपण बाबांना घरी बसवलं, असं तिला वाटलं.

सव्वानऊला साहेब आले. उतारूंची कुरकुर त्यांनी ऐकून घेतली, वही पाहिली, आभाळ पाहिलं. “साडेनऊपर्यंत थांबू,” ते म्हणाले. “मग मी स्वतः वर जातो आणि ती वाटी बघतो.”

पलीकडच्या घड्याळावरून तिची नजर हलत नव्हती. नऊ वाजून वीस मिनिटं. बावीस. तेवढ्यात वारा फिरला. दक्षिणेकडून दमट, कोमट झुळूक आली आणि घड्याळ दिसेनासं झालं. मग दवाखाना गेला. मग खडक गेले. साडेनऊला धक्क्यावरून लाँचचं पुढचं टोकसुद्धा दिसत नव्हतं. सारंगाने टोपी काढून हातात घेतली.

“आम्हीच मूर्ख,” साहेब म्हणाले. “चला, मास्तरांची माफी मागून येऊ.”

साहेब जाडजूड होते, पहिल्याच वळणावर त्यांना धाप लागली. तिला दम कुठला निघायला? ती धावतच पुढे गेली. धुकं खालीच राहिलं. वर अंगणात ऊन होतं. बाबांना हाक मारण्याआधी तिने सहज पेटी उघडली.

वाटी कोरडी ठणठणीत होती. तळाशी पांढरा थर धरला होता. चिंधी हाताला कडक लागली.

बाबा विसरले होते. साठ माणसं वाचली ती त्यांच्या विसरण्यामुळे, आणि पुढच्या वेळी वारा असा मदतीला येईलच असं नाही. हे सगळं तिला कळलं, तरी हात आपोआप पिशवीतल्या पाण्याच्या बाटलीकडे गेला. खालच्या वळणावर साहेबांची पावलं वाजत होती. तिने झाकण काढलं आणि बाटली वाटीवर तिरकी केली.

मागून कुणीतरी तिचं मनगट धरलं. बाबा होते. त्यांनी वाकून कोरड्या वाटीत बोट फिरवलं.

“घातलं होतं असंच वाटत होतं मला,” ते हळूच म्हणाले.

“बाबा, सोडा. साहेब तुम्हाला शाबासकी द्यायला येतायत.”

“मास्तर!” साहेबांची आनंदी हाक फाटकापाशी आली.

बाबांनी तिच्या हातातली बाटली काढून घेतली आणि झाकण घट्ट लावलं.

“राहू दे कोरडीच,” ते म्हणाले. “त्यांना बघू दे.”