वजन

“उद्यापासून तू टॅकल,” कोच हॅरिस म्हणाले. “आणि खा. उठता-बसता खा. वीस किलो तरी वाढव.”

नकुल कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीममध्ये डिफेन्सिव्ह एंड होता. बचावाच्या रांगेत अगदी कडेला उभं राहायचं, समोरच्याला वळसा घालून सुसाट धावायचं आणि चेंडू फेकणाऱ्याला गाठायचं. ईडन प्रेरी गावातल्या शाळेपासून तो हेच करत आला होता. टॅकल मात्र रांगेच्या मधोमध. तिथे वळसा घालायला जागाच नसते. समोर दीडशे किलोचा गडी असतो आणि त्याची धडक असते.

“आत खेळेन,” नकुल म्हणाला. “वजन नाही वाढवणार.”

“चिरडून टाकतील तुला.”

“बघू.”

कारण त्याने सांगितलं नाही. बाबा हार्ट अटॅकने गेले तेव्हा तो आठवीत होता. प्रत्येक भेटीत डॉक्टर त्यांना वजनावरून बोलायचे, आणि बाबा हसण्यावारी न्यायचे.

त्याच आठवड्यात टेक्सासहून एक नवा एंड टीममध्ये आला. ते ऐकून आई फोनवर म्हणाली, “अरे, ट्रान्सफर घे ना. दुसरीकडे कुणीही घेईल तुला.”

“नाही, आई. आय ॲम स्टेइंग.”

चेंडू फेकणाऱ्याची राखण करणारा ब्रॉडी नावाचा धिप्पाड गार्ड सरावात रोज त्याच्या समोर यायचा आणि रोज त्याला आडवा करायचा. सुरुवातीला पोरं हसायची. नकुल तोंडातली माती थुंकायचा आणि परत रांगेत उभा राहायचा. हळूहळू त्याला उमगलं, की ब्रॉडी ताकदवान आहे, पण जड आहे. धडक बसायच्या आत त्याचे हात झटकले, खांदा खाली घातला, की बाजूला एक फट उघडते. क्षणभरच. नकुलला क्षण पुरायचा.

सराव सामन्यात तो त्या फटीतून घुसला. चेंडू फेकणाऱ्याचा हात वर जायच्या आत त्याने त्याला लोळवलं. पुढच्या डावाला पुन्हा तेच. आता कुणी हसत नव्हतं. ब्रॉडीनेच हात देऊन त्याला उठवलं.

सामना संपल्यावर कोचनी त्याला बाजूला घेतलं. “नव्या पोराचा गुडघा गेलाय. सोमवारपासून तू परत एंड. वजनाचं विसर.”

“नको, कोच. मी आतच बरा आहे.”

 कोच खालच्या आवाजात म्हणाले, “खरं सांगतो. तुला आत टाकलं ते खेळवायला नाही. तू वैतागून निघून जावंस म्हणून. त्या नव्या पोरासाठी मला तुझी स्कॉलरशिपची जागा मोकळी हवी होती.”

“ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,” नकुल म्हणाला. “म्हणून तर गेलो नाही.”