गाणारी आणि मौनी

पलीकडच्या ठाण्याचा दिवा लागला नव्हता, म्हणून ती अजून गातच होती.

दिवा लागला, की तिकडच्या बाईनं सूर उचलला असं समजायचं. मग इकडचीनं थांबायचं, चार घास खायचे, आडवं व्हायचं. आज थांबायची वेळ केव्हाच टळून गेली होती आणि भिंतीवरची त्या दिव्याची काच काळीच होती. काय झालं गं तिकडे, असं तिनं सुरातच विचारून पाहिलं. उत्तर आलं नाही. तिथंही युद्ध पोचलं असावं.

गाणं थांबलं, की तारा विझतो. खिडकीतून दिसणारा तो पिवळा तारा. त्याच्या उजेडात तिची धाकटी बहीण नांदत होती, भाच्या धुणं वाळत घालत होत्या. गाणाऱ्यांच्या पंथात हे पाळण्यातच कानात पडतं. यंत्रात भरलेला आवाज ताऱ्याला चालत नाही, जिवंत गळाच लागतो. चाल मोडायची नाही. शब्द मात्र पदरचे घातले तरी चालतात.

एके काळी ठाण्यातल्या सगळ्या खोल्या भरलेल्या असत. एक गायची आणि बाकीच्या भांडायच्या. युद्धानं एकेक करून सगळ्या नेल्या, शेवटी सगळ्यांत थोरली होती, तीही गेली. रिकाम्या पलंगांवरच्या चादरी ती अजून झटकायची. घड्या मोडून पुन्हा घालायची. तेवढाच कुणाचा तरी वास यायचा.

युद्ध मौनींशी होतं. ते कधी सुरू झालं, हे कुणाच्या खापरपणजीलाही ठाऊक नव्हतं. मौनींना सगळे तारे विझवायचे आहेत, म्हणून ते जन्मभर गप्प राहतात, असं गाणारे सांगत. मौनींनी याचा कधी इन्कार केला नाही. करणार कसा?

असाच एक मौनी तिच्या कोठारात होता. मोडकं यान घेऊन आला, लंगडत खाली उतरला आणि हात वर करून उभा राहिला. तिच्याच वयाचा, पिकलेल्या दाढीचा. तिनं त्याला धान्याच्या पोत्यांमध्ये कोंडलं, पायाला पट्टी बांधली. पट्टी बांधतानाही गातच होती. दोन वेळचं ताट सरकवायची तेव्हाही गातच. बोलणं शक्य नव्हतं, मग टोमणेच चालीत बसवायची:

"पाहुणे आले मौनीबुवा, तोंडाला लावून टाळं,
घास दिसता उघडतं, कसलं मेलं हे टाळं!"

तो जेवता जेवता थांबायचा. ताट खाली ठेवून डोळे मिटायचा. बघ, तारे विझवायचा जप करतोय मेला, असं तिच्या मनात यायचं. तरी ती ताट न्यायला गेली, की जरा जास्तच वेळ दाराशी रेंगाळायची. समोर माणूस असला, की गाण्याला नवे शब्द सुचत.

आता शब्द संपले होते. पाण्याचा घोटही घशाला टोचत होता. वरच्या पट्टीत आवाज नुसता खरखरत होता, म्हणून ती खाली उतरली. मग तिथंही तो तुटायला लागला. काच काळीच होती.

यासाठी पंथाचा एक नेम होता. सूर सुटू लागला, तर जवळ मौनी जिवंत ठेवायचा नाही. उरलेला उजेड तो गिळून टाकील. तिनं खुंटीवरचं पिस्तूल काढलं. ते थोरलीचं होतं, त्याच्या मुठीला तिच्या हाताची झीज होती. गुणगुणत, भिंतीला धरत ती कोठारापर्यंत गेली आणि कडी काढली.

तो उभाच होता. जणू वाट पाहत होता. त्याचं लक्ष पिस्तुलाकडे नव्हतं, तिच्या गळ्याकडे होतं. असं तिच्याकडे किती दिवसांत कुणी पाहिलं नव्हतं. तिचा हात वर आला. ओठांवर शेवटचं अक्षर उरलं होतं, तेही धाग्यासारखं बारीक होत गेलं. तिला बहिणीचं दार दिसलं, दारातला उजेड दिसला. तिनं डोळे गच्च मिटले आणि चापावर बोट ठेवलं.

अक्षर संपायच्या आत कुणीतरी ते उचललं. अगदी रीतीप्रमाणे, जिथं सोडलं तिथूनच.

आवाज गंजलेला होता. जन्मात न उघडलेल्या दारासारखा करकरत होता, पण चाल चोख होती:

"बहिणीच्या गं दारात उजेड ठेव ताऱ्या,
दूर राहिलो आम्ही, तरी सुखी असोत साऱ्या."

तिनं डोळे उघडले. मौनी गात होता. त्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं. व्रत मोडताना माणूस रडतो तसं. आणि हे कडवं तिचं नव्हतं. तो इथं यायच्या कितीतरी आधी थोरलीनं एकदाच गायलेलं, तिच्या स्वतःच्याही स्मरणातून गेलेलं कडवं होतं ते. त्यामागून, युद्धात गेलेल्या दुसऱ्या एकीचं कडवं आलं, मग तिसरीचं. कोठारात सगळ्या जणी परत येऊन बसल्यासारखं झालं.

पिस्तूल तिच्या हातातून पोत्यावर पडलं. किती काळानंतर ती सुराबाहेरचं बोलली. नुसती कुजबुज.

"अरे, आमची गाणी तुला कशी येतात?"

त्यानं चाल मोडली नाही. चालीतच उत्तर दिलं:

"साऱ्यांनीच गाईलं, तर ऐकायचं कुणी, बाई?
म्हणून आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तोंड उघडलं नाही."